गोल कोपऱ्यांची चिकटपट्टी

बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन येणारी माणसं खोटं बोलतात. हे मी अनुभवानं सांगते आणि चिडून सांगते. कुणी म्हणतं, "आपोआपच बंद पडली हो," आणि एक कोपरा चांगला चेपलेला असतो. कुणी म्हणतं, "पाण्याचा काय संबंध?" आणि झाकण काढलं की आतून चहाचा वास येतो. एका गृहस्थांनी तर ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, कारण त्यांच्या मेहुण्यानं तसं सांगितलं होतं. मी ऐकून घेते, मान डोलावते आणि मनातल्या मनात शिव्या घालते. माझं दुकानच त्यावर चालतं. लोकांच्या गेलेल्या फायली परत काढून द्यायच्या आणि त्या कशा गेल्या ते फार खोदून विचारायचं नाही.

पण त्या दिवशी माझा सख्खा मामा काउंटरपलीकडे उभा राहून खोटं बोलत होता, आणि त्याला वाटत होतं की मला ते कळणार नाही. मला राग आला तो याचा.

खरं तर डिस्क आईच्या हातात होती. लोकरीच्या मोज्यात घालून, छातीशी धरून आणली होती. मामा तिच्या मागे, हातात केबलचं भेंडोळं घेऊन, तोंड पाडून.

"ओळखत नाही म्हणे," आई म्हणाली. "काल टीव्हीला लावली, कॉम्प्युटरला लावली. दिवा लागतो, आत गुरगुरतं, पण पडद्यावर काही नाही. हा म्हणतो, गेली. मी म्हटलं, गेली म्हणजे काय? माझी मुलगी दुकानात माशा मारत बसलीय का?"

"ताई, कशाला तिच्या डोक्याला ताप," मामा म्हणाला. "जुनी डिस्क आहे. तिचंही वय झालंय."

"तुझंही झालंय. तुला टाकून दिलंय का आम्ही?"

मामा मान खाली घालून केबल गुंडाळायला लागला. असं मुकाट राहणं त्याला जमतं. जन्मभर त्यानं चष्मे केले, लोकांच्या नाकावर काच टेकवायची आणि "आता कसं दिसतंय?" असं हळू आवाजात विचारायचं, यात त्याची उमर गेली. आता निवृत्त आहे, डोक्यावर केस उरलेले नाहीत, तरी आई आणि मावशी त्याला अजून बाळ म्हणतात. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, दोन बहिणी पुरेत.

आणि दोन बहिणी त्याला खरोखरच पुरून उरल्या होत्या. एक दिवस आमच्याकडे जेवण, एक दिवस मावशीकडे. दोन्हीकडे त्याची खुर्ची ठरलेली, दोन्हीकडे गरम गरम पहिलं वाढप त्याला. मी पोटची मुलगी, मला भांड्याच्या तळाशी राहिलेलं. या थाटामागचं कारण घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कारण होतं केक.

आजी-आजोबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा मोठा समारंभ केला होता. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. तीन मजली केक आणला, तो ठेवला एका डुगडुगत्या टेबलावर. आईचं म्हणणं, तिनं टेबलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती, आणि ती मावशीनं मांडामांड करताना काढली. मावशीचं म्हणणं, घडी आईनं घातलीच नव्हती. ती नेहमी सगळं करायचं म्हणते आणि विसरते. एवढं मात्र खरं की आजीनं सुरी टेकवली, टेबल कललं, आणि तिन्ही मजले पाहुण्यांच्या पायांशी उतरले. त्याला तीसेक वर्षं झाली. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात, एकमेकींच्या आजारपणात धावून जातात, पण महिन्यातून एकदा तरी विषय घडीवर येतो आणि मग आठवडाभर अबोला. त्या आठवड्यात निरोप ने-आण करायला, समजूत काढायला, न्यायनिवाडा करायला मामा. त्याचा निकालही ठरलेला: "दोघींचं थोडं थोडं चुकलं." तो आपल्या बाजूनं झुकावा म्हणून दोघी त्याला खाऊपिऊ घालत.

तर या समारंभाची व्हिडिओ कॅसेट होती. आजोबांनी स्वतः काढलेली. घरातल्या बाकी कॅसेटींबरोबर ती माळ्यावर पडून होती, आणि लावायला यंत्रच नसल्यानं ती कुणी पाहिली नव्हती. मागच्या वर्षी मामा आपण होऊन म्हणाला, "सगळ्या कॅसेटी मला द्या, मी त्या डिस्कवर घेतो." दोघींनी त्याचं केवढं कौतुक केलं. मीसुद्धा केलं, आता सांगायला लाज वाटते. येत्या रविवारी दोघी आमच्याकडे बसून ती बघणार होत्या, आणि शनिवार उजाडायच्या आत डिस्क गेली.

"रविवार पुढे ढकलू हवं तर," मामा म्हणाला. "किंवा राहू द्या. जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय?"

"रविवार होणार," आई म्हणाली, आणि मोजा नि मामाच्या हातातली केबल माझ्यापुढे ठेवून निघाली. मामा तिच्यामागून जाताना दारात दोनदा वळून बघत होता. डिस्ककडे नाही, केबलकडे.

आमच्या धंद्यात पहिला संशय नेहमी केबलवर घ्यायचा. डिस्क बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. मी केबलचं टोक दिव्याखाली धरलं. त्या टोकाच्या आत चार पितळी पट्ट्या असतात. कडेच्या दोन वीज नेतात, मधल्या दोन माहिती. मधल्या दोन झाकल्या तर दिवा लागतो, डिस्क फिरते, गुरगुरते, पण कॉम्प्युटरला तिचा एक शब्द ऐकू येत नाही. इथे मधल्या दोन पट्ट्यांवर पारदर्शक चिकटपट्टीचा चिमुकला तुकडा बसवला होता. इतका बेमालूम की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

ही युक्ती त्याला कुणी शिकवली? मीच. प्रवासात कुठेही फोन चार्जिंगला लावतोस, निदान मधल्या पट्ट्या झाकत जा म्हणजे कुणी फोनमधलं काही चोरणार नाही, असं मी त्याला याच काउंटरवर दाखवलं होतं. तरी मी म्हटलं असतं की दुसऱ्या कुणी केलं असेल. पण मी भिंग लावलं आणि मला हसूच फुटलं. त्या एवढ्याशा तुकड्याचे चारही कोपरे गोल कापलेले होते. जन्मभर काचांच्या कडा घासलेल्या माणसाला धारदार कोपरा बघवत नाही. तो पोस्टाची तिकिटंसुद्धा कोपरे कापून लावेल.

मी ड्रॉवरमधली दुसरी केबल लावली. डिस्क गुणी मुलीसारखी उघडली. समारंभाची फाइल शोधली, लावली, आणि खुर्चीत मागे रेलून बघितली. मग पुन्हा बघितली. मग दुकानाचं दार लोटून घेऊन एकटीच खो खो हसले. मामानं कॅसेटींचं काम आपण होऊन अंगावर का घेतलं, ते त्या एका मिनिटात कळलं.

सरळ आईला फोन करायला हवा होता. पण तीसेक वर्षं गरम वाढप कोण खात होतं? मी मामाला फोन लावला आणि आवाज जड केला.

"मामा, अवस्था नाजूक आहे. पण आशा आहे."

पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"तू उद्या दुकानात येऊन बस. कॅसेटी तू भरल्यास, फायली ओळखायला तूच हवास."

दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधी येऊन उभा होता. मी त्याला स्टुलावर बसवलं, डिस्कच्या समोर. एका मॉनिटरवर हिरवी रेघ हळूहळू सरकत राहील असं काहीतरी लावून दिलं. ते खरं तर दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचं काम होतं. डिस्कला धक्का लागता कामा नये, म्हटलं, आणि तिला एकटं सोडता कामा नये. मामा तिच्याकडे बघत बसला, मांडीवर हात ठेवून. मधून मधून मी एखादी बातमी देत होते.

"मावशीच्या गच्चीवरची फाइल आली बघ."

"वा."

"सहलीची आली. तू तळ्यात पडतोस ती."

"छान झालं."

"तारखेप्रमाणे उलटं चाललंय. म्हणजे आता समारंभाच्या जवळ जवळ येतोय आपण."

मामानं चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "सगळंच यायला हवं असं कुठंय," तो म्हणाला. "मोठमोठ्या कंपन्यांचंसुद्धा थोडंफार जातंच. ताईला सांगू, बाकी सगळं आलं, तेवढं एक नाही आलं. तू केलेल्या कष्टांचं तिला कौतुकच वाटेल."

"छे, मामा. माझ्या हातून एक फाइल सुटली तर मला झोप लागायची नाही."

त्यानं असा उसासा सोडला की टेबलावरची पावती उडाली. मला त्याची दया येत होती, पण फार नाही. मी त्याला धूळ पुसायला लावलं, स्क्रूंचे डबे लावायला लावले, आणि तो सगळं इतकं मुकाट करत होता की मला वाटलं, रोजच एखादी डिस्क बिघडावी.

दुपारी तो मागच्या खोलीत चहा करायला गेला. मधे फक्त प्लायवूडचा आडोसा आहे, शिंकलं तरी ऐकू येतं. तेवढ्यात आई आली, भावाचा डबा घेऊन.

"बाळ कुठंय?"

"येईल एवढ्यात," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

आई स्टुलावर बसली. हिरव्या रेघेकडे बघत राहिली. मला वाटलं आता विचारेल, कुठवर आलं. तिनं विचारलं नाही. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "हे बघ, ते तुझ्या मावशीला खोटं पाडायला म्हणून मला नकोय. तिला सांगू नकोस, पण माझं तिच्याशी भांडायचं वयच उरलं नाही."

"मग एवढी घाई कशाला?"

"परवा मी कुलूप लावलं की नाही ते बघायला तीन वेळा जिना चढले. शेजारणीचं नाव तोंडावर येईना. तुझी मावशी थट्टेत म्हणाली, तुला तर आधीपासून नसलेलंच आठवतं. मी हसले. पण रात्री डोळ्याला डोळा नाही." ती थांबली. "ती घडी मला अजून बोटांत जाणवते गं. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, चार पदर केले होते, आणि मी गुडघ्यावर बसून घातली होती. हे जर खोटं निघालं, तर बाकी जे डोक्यात आहे त्यातलं काय खरं धरू मी? तुझे बाबा, तुझं लहानपण, सगळं त्याच डोक्यात आहे ना."

थट्टेची सगळी हवा गेली. मी तोंड उघडलं, आता सांगूनच टाकते म्हणून, आणि तेवढ्यात लक्षात आलं की आडोशामागे चमचा ढवळायचा थांबलाय. चहा उतू जातोय, त्याचा चर्रर्र आवाज येतोय, आणि कुणी गॅस बंद करत नाही. मी तोंड मिटलं.

"येईल आई," मी एवढंच म्हटलं. "फाइल नक्की येईल. माझा शब्द."

आई डबा ठेवून गेली. मामा बाहेर आला तो कपांशिवाय. माझ्या टेबलावरचा चिमटा त्यानं उचलला, केबलचं टोक दिव्याखाली धरलं, आणि एका झटक्यात तो तुकडा काढून माझ्यापुढे टेकवला.

"कळलं होतं ना तुला?"

"पहिल्याच दिवशी. कोपरे कशाला गोल करायचे, मामा? चोरी करायची तर निदान ओबडधोबड करावी."

"टोकं उचलली जातात नाहीतर," तो सवयीनं म्हणाला, आणि मग स्टुलावर बसला. "तिला असं वाटत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं गं. मला वाटायचं दोघी हौसेनं भांडतात."

"पुसून का नाही टाकलंस सरळ? कुणाला कळलं नसतं."

"बसलो होतो पुसायला. पण केक पडतो ना, तेव्हा बाबा कॅमेऱ्यामागे हसायला लागतात. चित्र हलतं इतके हसतात. सगळ्या कॅसेटी बघितल्या मी, त्यांचं हसणं तेवढंच एक आहे." त्यानं नाक पुसलं. "म्हटलं, पुसायला नको. नुसतं झाकून ठेवू."

मी त्याला चहा करून दिला. बाकी काय करणार होते.

रविवारी मावशी आली ती तयारीनं, दोन चष्मे घेऊन. आई आणि ती सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या, मामा मधल्या जागेत, कारण ती त्याचीच जागा. मी फाइल लावली. पडद्यावर पाहुणे, फुगे, आजी नवीन कपड्यांत अवघडलेली. मग टेबल दिसलं, त्यावर केक. आणि टेबलाशी आई, तरुण, एक वेणी पुढे आलेली, खाली वाकली. गुडघ्यावर बसली. खिशातून काहीतरी काढून टेबलक्लॉथखाली हात घातला, टेबल हलवून पाहिलं, आणि हात झटकत उठली.

मी आईकडे बघितलं. ती पुढे सरकून बसली होती आणि तिची बोटं मांडीवर आपोआप घडी घालत होती.

"घातली होतीस," मावशी म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "म्हणजे मग मीच... मी नाही काढली गं, ताई. पण इतकी वर्षं तुझ्याकडून ऐकून ऐकून मला कधी कधी वाटतं, काढली असेन."

"पुढे बघ," मी म्हटलं.

पुढे टेबलक्लॉथच्या कडेला एक पाठमोरा माणूस आला. पांढरा शर्ट, चौकड्यांची पँट. इकडे तिकडे बघून तो वाकला, कापडाखाली कमरेपर्यंत घुसला, आणि हातात काहीतरी घेऊन बाहेर निघाला. तोंड काही दिसलं नाही. तसाच उलटा चालत तो चौकटीबाहेर गेला. मग आजी, सुरी, आणि तिन्ही मजले. आजोबांचं हसणं सुरू झालं, चित्र थरथरायला लागलं, आणि दोघी बहिणी बापाचा आवाज ऐकून एकदमच रडायला आणि हसायला लागल्या.

"तो केकवाल्याचा माणूस होता," मावशी डोळे पुसत म्हणाली. "बघितलंस? मेल्यानं स्वतःच काढली."

"तोच," आई म्हणाली. "मला तेव्हाच त्याची नजर धड वाटली नव्हती. आणि आपण बसलोय एकमेकींच्या जिवावर उठून."

मामा त्या दोघींच्या मधे बसला होता. त्याच्यापुढे पळवाट अशी सताड उघडी होती की मलासुद्धा मोह पडला असता. केकवाला कोण, कुठला, आता हयात आहे की नाही कुणाला ठाऊक. दोन स्वयंपाकघरं, दोन खुर्च्या, गरम वाढप, सगळं शाबूत राहिलं असतं. मी ठरवलं होतं, मी बोलणार नाही.

"चौकड्यांची पँट माझी आहे," मामा म्हणाला.

दोघींच्या माना वळल्या.

"माझी खुर्ची डुगडुगत होती," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "खाली बघितलं तर आयती घडी. मला वाटलं, कुणाची तरी पडलीय. केक पडल्यावर कळलं कशाची होती ते. तेव्हा सांगणार होतो, पण तुम्ही इतक्या जोरात सुरू झालात की मला मधे जागाच मिळाली नाही. आणि नंतर... नंतर जेवण चांगलं मिळायला लागलं."

मग आई हळूच म्हणाली, मामाला नाही, मावशीला, "म्हणजे मी घातली होती."

"आणि मी काढली नव्हती," मावशी म्हणाली.

"माझं डोकं ठीक आहे."

"तुझं ठीक आहे. माझंही." मावशीनं मामाच्या पाठीमागून हात लांबवून आईचा खांदा धरला. दोघींनी मिळून त्याच्याकडे बघितलं, आणि माझ्या जन्मात प्रथमच मला त्या दोघी अगदी सारख्या दिसल्या.

शिक्षा तिथल्या तिथे ठरली. दोन्ही घरची जेवणं बंद. यापुढे दर रविवारी मामानं स्वयंपाक करायचा आणि दोघींना, शिवाय मला, वाढायचं. पहिलं, गरम गरम.

पहिल्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. बटाटे अर्धे कच्चे होते, सूप खारट होतं, आणि टेबल डुगडुगत होतं. आईनं पर्समधून औषधाचं रिकामं खोकं काढलं, पुठ्ठा फाडला, चार पदर केले आणि गुडघ्यावर बसली. मावशीनं टेबल उचलून धरलं. घडी बसली, टेबल हललं नाही. मग मावशीनं मामाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, आईनं त्याची दोन्ही मनगटं उचलून टेबलावर ठेवली, ताटाच्या दोन बाजूंना.

"हात असे वर, दिसतील असे ठेवायचे," ती म्हणाली. "जेवण होईपर्यंत."

"मग जेवू कसा?" मामानं विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग त्याच्या कच्च्या बटाट्यांपैकी एक मावशीनं आणि एक आईनं, आळीपाळीनं, त्याच्या तोंडात घातला.